हलता आलेख आणि त्यामागची स्क्रिप्ट

पॉडकास्टची एक अडचण असते. आलेखाबद्दल कितीही बोललं तरी तो कानांना दिसत नाही, आणि आलेख हलणारा असेल तर विचारायलाच नको. या भागात आम्ही संगणकावर केलेल्या हलत्या आलेखांबद्दल बोललो, पण बरंच सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहितो आहोत.

हलता आलेख तुम्ही नक्कीच पाहिला असेल. वर्षामागून वर्षं सरकत जाणारी तापमानाची रेष, करोनाच्या काळात रोज उंच होत गेलेले स्तंभ, एकमेकींना मागे टाकत धावणाऱ्या देशांच्या पट्ट्या. असा आलेख फोनवर येतो, आपण दहा सेकंद पाहतो, ‘बापरे’ म्हणतो आणि पुढे पाठवतो. आकडे कुठून आले, दोन चित्रांच्या मध्ये किती काळ गेला, उभ्या अक्षावरची मोजपट्टी मधेच बदलली का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी त्या दहा सेकंदांच्या फाइलमध्ये उत्तर सापडत नाही. उत्तर असतं ते ज्या मजकुरातून ती चित्रं तयार झाली त्या मजकुरात, म्हणजे स्क्रिप्टमध्ये.

या लेखात आपण त्या मजकुराचा इतिहास पाहू. त्याची सुरुवात करू या एका ताणलेल्या तारेपासून आणि एका तळटीपेपासून.

लॉस अलामॉसची तार

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ‘मॅनिअ‍ॅक’ नावाचा संगणक होता. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टानिस्लाव उलाम यांनी त्याला एक साधा वाटणारा प्रश्न घातला. दोन्ही टोकं घट्ट बांधलेली एक तार घ्या. ती अखंड न मानता स्प्रिंगांनी जोडलेल्या मण्यांची माळ माना. स्प्रिंग अगदी आदर्श नकोत. ताण दुप्पट केला की लांबी बरोबर दुप्पट वाढते, या नियमात किंचित खोट ठेवा. आता तारेला एकच मोठा बाक देऊन सोडून द्या. काय होईल?

अपेक्षा अशी होती की एका संथ, मोठ्या कंपनात भरलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या लहानमोठ्या कंपनांत वाटली जाईल. कपभर पाण्यात शाईचा थेंब पसरावा तशी. शाई एकदा पसरली की परत गोळा होत नाही. पण इथे ती झाली! ऊर्जा पहिल्या काही कंपनांत फिरत राहिली आणि बराच वेळ गेल्यावर जवळपास सगळीच्या सगळी पहिल्या कंपनात परत आली.

हा अहवाल मे १९५५ चा आहे. फर्मी तोपर्यंत हयात नव्हते. नोव्हेंबर १९५४ मध्येच ते गेले. अहवालातले बरेचसे आलेख एकाच पद्धतीचे आहेत: आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर ऊर्जा आणि प्रत्येक कंपनासाठी एक वक्र. एका आकृतीत मात्र ऊर्जा नाही, खुद्द तारच काढली आहे. वेगवेगळ्या क्षणांचे तिचे आकार एकाच चौकटीत मांडलेत आणि प्रत्येक वक्रावर वेळ लिहिली आहे. ही आकृती जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ती हलू पाहणारी आकृती आहे. फ्रेम आहेत, फक्त त्या एकामागून एक दाखवायची सोय नाही म्हणून एकाच कागदावर गर्दी करून बसल्यात.

त्याच अहवालात एक तळटीप आहे. प्रश्नांचं कोडिंग करून मॅनिअ‍ॅकवर गणितं चालवल्याबद्दल मिस मेरी त्सिंगू यांचे तिथे आभार मानले आहेत. त्यांच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

फिल्म काढणारा प्रोग्रॅम

आलेख हलवायचा तर दोन गोष्टी लागतात. एक, संगणकाने आकड्यांऐवजी चित्र काढलं पाहिजे. दोन, अशी शेकडो चित्रं कुणीतरी क्रमाने टिपली पाहिजेत. साठीच्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या. तिथे स्ट्रॉमबर्ग-कार्लसन ४०२० नावाचं यंत्र होतं. संगणकाने चुंबकीय टेपवर लिहिलेल्या सूचना ते वाचायचं, त्याप्रमाणे आतल्या पडद्यावर प्रकाशाच्या रेषा उमटायच्या आणि समोरचा कॅमेरा त्या फिल्मवर घ्यायचा. मग फिल्म एक घर पुढे, आणि पुढचं चित्र.

१९६३ मध्ये एडवर्ड झेजॅक यांनी या यंत्रावर एका उपग्रहाची फिल्म केली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची एकच बाजू कायम पृथ्वीकडे राहावी, यासाठी त्याचं डोलणं कसं शांत करता येईल, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांच्या हिशेबातून आकड्यांचे गठ्ठे निघत होते. ते आकडे वाचून उपग्रह डोळ्यांसमोर आणणं अवघड, म्हणून त्यांनी संगणकालाच पृथ्वीचा गोल आणि त्याभोवती फिरणारी पेटी काढायला लावली. संगणकाने काढलेल्या सर्वांत आधीच्या फिल्मांत आज तिची गणना होते. केन नोल्टन यांनी तर याच सुमारास तिथे चित्रपट करण्यासाठी एक खास भाषाच लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘बेफ्लिक्स’.

इथे एक मोठी गोष्ट घडली. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये कलाकाराने चितारलेलं प्रत्येक चित्र हाच मूळ दस्तऐवज असतो. झेजॅक यांच्या फिल्ममध्ये मूळ दस्तऐवज होता प्रोग्रॅम. फिल्म खराब झाली, हरवली, तरी प्रोग्रॅम आणि आकडे हाताशी असले तर ती पुन्हा काढता येणार होती. एखादा आकडा बदलून तिची बहीण काढता येणार होती.

तारेचं कोडंही याच दशकात सुटायला लागलं. १९६५ मध्ये नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्काल यांनी त्या तारेसारखंच वागणारं एक लाटेचं समीकरण संगणकावर सोडवलं. सुरुवातीची गुळगुळीत लाट पुढे जाता जाता अनेक टोकदार लाटांत फुटली. उंच लाट वेगाने धावते, बुटकी हळू. उंच लाट बुटकीला गाठते, दोघी एकमेकींत मिसळतात, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वेगळ्या होऊन आपापल्या आकारात पुढे जातात. या लाटांना त्यांनी ‘सॉलिटॉन’ हे नाव दिलं. या सगळ्या लाटा काही काळाने पुन्हा अशा जागी येतात की मूळ आकार जवळजवळ परत उभा राहतो. तारेत ऊर्जा परत का आली, ते या धावपळीतून कळायला लागलं.

झाबुस्की यांनी सहकाऱ्यांबरोबर या लाटांची फिल्मही केली. ती का केली, ते सहज समजतं. स्थिर चित्रात दोन टेकड्या दिसतात, पुढच्या चित्रातही दोनच टेकड्या दिसतात. मधल्या काळात एकीने दुसरीला ओलांडलं की दोघी एकमेकींना धडकून परत फिरल्या, हे नुसत्या दोन चित्रांवरून ठरवता येत नाही. मधल्या फ्रेम लागतात. इथे हालचाल ही सजावट नाही, पुरावा आहे.

साध्या मजकुरातून चित्र

झेजॅक यांच्याजवळचं यंत्र मोजक्याच प्रयोगशाळांना परवडणारं होतं. ऐंशीच्या दशकात पडदे आणि संगणक हळूहळू टेबलावर आले. बेल लॅब्समध्येच जॉन बेंटली आणि ब्रायन कर्निहॅन यांनी १९८७ च्या सुमारास अल्गोरिदमचं काम हलत्या चित्रांतून दाखवण्याची एक छोटीशी व्यवस्था तयार केली. तिची कल्पना कमालीची साधी होती. तुमचा प्रोग्रॅम कुठल्याही भाषेत असू दे. चालता चालता त्याने फक्त ओळी छापायच्या: इथे रेघ काढ, इथे चौकोन काढ, हे पूस. या ओळींची एक साधी मजकुराची फाइल तयार व्हायची. तीच फाइल एका कमांडला दिली की पडद्यावर चलचित्र, आणि दुसरीला दिली की कागदावर छापायला निवडक स्थिर चित्रं.

म्हणजे पडद्यावरची फिल्म आणि निबंधातली आकृती एकाच मजकुरातून. कुणाला शंका आली तर ती फाइल उघडून वाचता येत होती.

जवळपास याच वेळी, १९८६ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या व्हिलानोव्हा विद्यापीठात थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली हे दोन पदवीचे विद्यार्थी आलेख काढायचा एक प्रोग्रॅम लिहीत होते. विद्युतचुंबकत्व आणि डिफरन्शियल इक्वेशनच्या अभ्यासात पुस्तकातली समीकरणं डोळ्यांना दिसावीत, एवढीच त्यांची गरज. तो प्रोग्रॅम म्हणजे ‘ग्नूप्लॉट’. तुमच्यापैकी ज्यांनी भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगमध्ये काही वर्षं काढली आहेत, त्यांची याच्याशी गाठ पडलीच असेल.

नावावरून अनेकांची फसगत होते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पाशी याचा जन्माचा संबंध नाही. विल्यम्स यांना नाव हवं होतं ‘लामाप्लॉट’, केली यांना हवं होतं ‘एनप्लॉट’. दोघं ‘न्यूप्लॉट’वर आले, पण त्या नावाचा एक प्रोग्रॅम त्यांच्या विभागात आधीच होता आणि तो त्यांना अजिबात आवडत नव्हता. मग उच्चाराची गंमत म्हणून ‘ग्नूप्लॉट’ ठरलं.

त्या काळी प्रत्येक कंपनीचा ग्राफिक पडदा वेगळा, प्लॉटर वेगळा, प्रिंटर वेगळा. ग्नूप्लॉटने दोन गोष्टींची फारकत केली. काय काढायचं ते एका बाजूला आणि कशावर काढायचं ते दुसऱ्या बाजूला. ‘कशावर’ याला तिथे ‘टर्मिनल’ म्हणतात, आणि पडदा, छपाईची फाइल, वेबवरचं चित्र ही सगळी टर्मिनलंच. एक टर्मिनल तर नुसत्या अक्षरांनी, चांदण्या आणि रेघा जोडून आलेख काढतं. रात्री घरून, मंद इंटरनेटवर, दूरच्या सर्व्हरवर चाललेल्या हिशेबाची खबर घेणाऱ्यांना त्याची किंमत माहीत आहे.

या फारकतीमुळेच ग्नूप्लॉटच्या स्क्रिप्ट टिकल्या. पडदे गेले, प्लॉटर भंगारात गेले, पण टर्मिनलची ओळ बदलली की जुनी स्क्रिप्ट बहुतेक वेळा नव्या यंत्रावर चालते.

फिरकी कशी फिरते

ग्नूप्लॉटमध्ये आलेख हलवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? तेच ते चित्र पुन्हा पुन्हा काढायचं, दर वेळी एक आकडा बदलून. जुन्या आवृत्त्यांत पुनरावृत्तीची सरळ सोय नव्हती. म्हणून लोक एक युक्ती करत. स्क्रिप्टच्या शेवटी लिहायचं: मोजणीत एक वाढव, आणि शंभर झाले नसतील तर हीच फाइल पुन्हा पहिल्यापासून वाच. फाइल स्वतःलाच वाचत राहायची आणि आलेख हलायचा. मार्च २०१२ मध्ये आलेल्या ४.६ आवृत्तीत नीट आवर्तनाची सोय आली. ‘एकपासून शंभरपर्यंत हे कर’ असं कंसात लिहिलं की झालं.

पडद्यावर हलणं वेगळं आणि ते दुसऱ्याला पाठवता येणं वेगळं. पाठवायला लागते फाइल, आणि इथे कथेत वकील येतात. ‘गिफ’ हा चित्रप्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये आणला. १९८९ च्या सुधारित रूपात प्रत्येक फ्रेम किती वेळ थांबवायची ते लिहिण्याची जागा आली, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागात. पण चित्र लहान करण्याची गिफमधली पद्धत युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली होती. १९९४ च्या शेवटी परवानाशुल्काची घोषणा झाली आणि मोफत सॉफ्टवेअर लिहिणारे हादरले. त्यातून ‘पीएनजी’ हा पर्यायी प्रकार जन्मला, पण त्यात हालचाल नव्हती. चित्रं लिहिणाऱ्या ‘जीडी’ या लोकप्रिय कोडसंग्रहाने तर १९९९ मध्ये गिफची सोयच काढून टाकली. अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं, इतर देशांतली २००४ मध्ये, आणि त्याच वर्षी जीडीमध्ये गिफ परत आलं. ग्नूप्लॉट गिफ लिहितो तो याच जीडीच्या मदतीने.

मधल्या काळात लोकांनी दुसरी वाट धरली होती, आणि लांबलचक चलचित्रांसाठी ती आजही वापरात आहे. प्रत्येक फ्रेम वेगळ्या पीएनजी फाइलमध्ये काढायची, फाइलींना क्रमांक द्यायचे आणि ‘एफएफएमपेग’सारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमने त्या शिवून व्हिडिओ करायचा. क्रमांक देताना पुढे शून्यं लावायची: ०००१, ०००२ अशी. नाहीतर नावांच्या क्रमाने लावताना दहा नंबरची फाइल दोनच्या आधी येते आणि लाट मधेच मागे उडी मारते.

स्थिर ठेवलेला अक्ष

आता मुद्द्याची गोष्ट. ग्नूप्लॉटला तुम्ही काही सांगितलं नाही, तर तो आकड्यांना पुरेल एवढा अक्ष स्वतःच ठरवतो. एका चित्रासाठी ही मोठी सोय आहे. हलत्या आलेखात तीच सोय घात करते.

एक लंबक घ्या, हळूहळू थांबत चाललेला. त्याच्या झोक्याचा आलेख फ्रेमगणिक काढा, प्रत्येक फ्रेममध्ये एकेक झोका. अक्ष मोकळा सोडला तर पहिला मोठा झोका चित्र भरून दिसेल, आणि शेवटचा नखाएवढा झोकाही चित्र भरूनच दिसेल, कारण दर फ्रेमला मोजपट्टी झोक्याच्या मापाने आक्रसत जाते. पाहणाऱ्याला वाटेल लंबक थांबतच नाही. कडेचे आकडे तेवढे भराभर बदलत असतात, पण हलत्या चित्रात कडेचे आकडे कोण वाचतं? एकही आकडा खोटा नसताना सगळं चित्र खोटं. उपाय एका ओळीचा आहे: आवर्तनाच्या आधी उभ्या अक्षाची कमाल आणि किमान मर्यादा बांधून टाकायची. ती ओळ आहे की नाही, हे स्क्रिप्टमध्ये दिसतं.

काळाचंही तसंच. मराठी माणसाला याचं जुनं उदाहरण घरातच सापडेल. ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी दादासाहेब फाळके यांनी भांडवल उभं करण्यासाठी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवून महिनाभराहून अधिक काळाची वाढ त्यांनी मिनिटाच्या आसपास आणली. पाहणाऱ्यांचा विश्वास बसला आणि पैसे मिळाले. अशा फिल्मचा सगळा अर्थ दोन फ्रेममधल्या अंतरावर उभा असतो. अंतर सारखं असेल तर रोपाचा वेग खरा. मधले काही दिवस निसटले तर रोप अचानक झेप घेतल्यासारखं दिसेल. आकड्यांच्या आलेखातही सुट्टीच्या दिवसांची नोंद नसली आणि तरी प्रत्येक नोंदीला एक फ्रेम दिली, की तशीच झेप दिसते.

तयार व्हिडिओत यातलं काहीच उरत नाही. स्क्रिप्टमध्ये सगळं उरतं: कुठली फाइल वाचली, कितव्या रकान्यातले आकडे घेतले, दर किती नोंदींनंतर एक फ्रेम काढली, अक्ष कुठे बांधला. म्हणून शोधनिबंधाबरोबर नुसतं चलचित्र जोडून भागत नाही. स्क्रिप्ट आणि आकडेही जोडावे लागतात, आणि आता अनेक नियतकालिकं ते मागतात.

नाव कुठे राहिलं

आता मेरी त्सिंगू. तारेचं ते कोडं पुढे अर्धशतक ‘फर्मी-पास्ता-उलाम प्रश्न’ म्हणून जगभर शिकवलं गेलं. अहवालाच्या पहिल्या पानावर काम करणाऱ्यांच्या यादीत त्सिंगू यांचं नाव आहे, पण लिहिणाऱ्यांच्या यादीत नाही, आणि जगाने लिहिणाऱ्यांची यादी उचलली. २००८ मध्ये तिएरी डोक्स्वा या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ‘फिजिक्स टुडे’ मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला. त्या लेखात एक कागद छापला आहे. मॅनिअ‍ॅकवर चाललेल्या हिशेबाच्या पायऱ्या त्यावर हाताने काढलेल्या आहेत, वर तारीख आहे २० मे १९५५ आणि नाव आहे त्सिंगू. आज बरेच लोक या प्रश्नाला चार नावांनी ओळखतात.

विचार करा, निकालाच्या आकृतीवर हे नाव नव्हतं. ते राहिलं त्या आकृतीच्या कृतीवर, म्हणजे आजच्या भाषेत स्क्रिप्टवर.

मॅनिअ‍ॅक कधीच मोडीत निघाला, पण ती तार तुम्ही आज तुमच्या लॅपटॉपवर पुन्हा छेडू शकता. बत्तीस मणी, स्प्रिंगांचा थोडासा बिघडलेला नियम, छोट्या छोट्या पावलांनी पुढे जाणारा हिशेब आणि दर काही पावलांनी एक फ्रेम. अक्ष आधी बांधा. बाक विस्कटेल, तारेवर बारीक लाटा धावतील, आणि बऱ्याच वेळाने तो पहिला बाक जवळजवळ तसाच परत येईल. १९५५ च्या त्या आकृतीत एकमेकांवर बसलेल्या फ्रेम आता सुट्या होऊन चालताना दिसतील.

ग्नूप्लॉटमध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला जाळीचं चिन्ह असतं ती ओळ संगणक वाचत नाही; ती माणसांसाठी असते. स्क्रिप्टच्या अगदी वर अशा दोन-तीन ओळी घाला. आकडे कुठून घेतले, तारीख काय, आणि ज्यांनी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांची नावं. मग खुशाल चलचित्र पाठवा. फक्त त्याच्यासोबत ती फाइलही पाठवा.